कार्ड काही दिसेना!

आमच्या घरात आजवर कार्डे पुष्कळ आली. रेशनचे आले, आधारचे आले, बँकेचे आले. आणि माझ्या शाळकरी वयात दर सहामाहीला येणारे प्रगतीचे कार्ड तर वडिलांच्या मुद्रेसकट अजून डोळ्यांपुढे आहे. पण ज्या कार्डाने आमच्या घराची शांतता पंधरा-सोळा दिवस हिरावून घेतली, आणि शेवटी माझ्यासारख्या पंचेचाळिशीतल्या प्राध्यापकाला स्वतःच्या मुलीपुढे मान खाली घालायला लावली, ते कार्ड अगदी निराळे होते. त्याची हकीकत सांगताना मला थोडी लाज वाटते. पण दिवाळीला घरातली जळमटे काढायचीच असतात. मग मनातली तेवढी का ठेवावीत?

मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध पंख्याच्या बटणापलीकडे जात नाही. आमची कन्या मात्र वस्त्रांच्या आकल्पनाचा अभ्यास करते. सोप्या भाषेत सांगायचे तर चादरी, टॉवेल, पडदे यांवरची नक्षी काढायला शिकते. सोलापूरच्या मुलीने हा विषय घेतला तर त्यात नवल नाही. आमच्या चादरीला आणि टॉवेलला २००५-०६ ह्या वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे 'सोलापुरी' हे नाव सोलापूरच्याच मालाला लावायचे असे कायद्याने ठरले. पण नावाला कायद्याचे कुंपण घातले तरी नक्षी जुनी राहून कसे चालेल? गिऱ्हाईक दरवर्षी काहीतरी नवे मागते.

झाले असे, की गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास पूर्व भागातल्या एका कारखानदारांनी तिचे काम पाहिले आणि म्हणाले, "पाच नवे नमुने काढून पाडव्याला दाखव. एखादा पसंत पडला तर मागावर घालू." मुलगी हरखून गेली. पण घरातला जुना लॅपटॉप तिच्या कामाला पुरेना. नक्षी काढून भागत नाही. ती चादर पलंगावर पसरली, तिच्यावर खिडकीतला उजेड पडला, तर कशी दिसेल, हेही आता दाखवावे लागते. असे एक चित्र तयार व्हायला आमच्या त्या वयोवृद्ध लॅपटॉपला सबंध रात्र लागे, आणि पहाटे तो तापलेल्या तव्यासारखा होऊन मध्येच बंद पडे.

"बाबा, मला ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर लागेल," ती म्हणाली, "आणि तो मी स्वतः जुळवणार आहे. सुटे भाग आणले की स्वस्त पडतो."

खर्च ऐकून मी चष्मा पुसायला घेतला. सगळे मिळून ऐंशी हजारांच्या पुढे! तिच्या शिकवण्यांचे तीस हजार साठलेले होते. माझ्याकडून वीस. उरलेले कोठून आणायचे, ह्यावर जेवणाच्या टेबलावर बराच खल झाला. तेव्हा आतापर्यंत गप्प बसलेली माझी आई उठली, आपल्या खोलीत गेली आणि बँकेचे पुस्तक घेऊन आली. वडिलांच्या मागे मिळणाऱ्या निवृत्तिवेतनातून तिने काशीयात्रेसाठी म्हणून पैसे बाजूला ठेवले होते.

"काशी कुठं पळून जात नाही," ती म्हणाली. "पोरीचं काम आधी होऊ दे."

असे ते पैसे. पुढे जे घडले ते कळण्यासाठी वाचकांनी ही काशी लक्षात ठेवावी.

आता हे कार्ड म्हणजे काय?

मला हे मुलीनेच समजावून दिले, आणि मी शिक्षक असल्यामुळे ऐकलेले लगेच दुसऱ्याला शिकवल्याशिवाय मला राहवत नाही. कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला की २० लाख ७३ हजार ६०० भरतात. ही रांगोळी एका सेकंदात साठ वेळा पुसून पुन्हा काढायची, म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांवर ठिपक्यांचा रंग ठरवायचा! कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो मोठा विद्वान खरा, पण त्याच्यात काम करणारे थोडे. एखाद्या वेदशास्त्रसंपन्न शास्त्रीबुवांना लाखभर पत्रिकांवर कुंकू लावायला बसवावे, तसे ते होते. ग्राफिक्स कार्डात उलट हजारो लहान कारकून एकाच वेळी एकच सोपी बेरीज करीत बसलेले असतात. शास्त्रीबुवांची विद्वत्ता त्यांच्याजवळ नाही; पण पत्रिका मात्र तासाभरात संपतात.

१९९३ साली स्थापन झालेल्या एनव्हिडिया ह्या अमेरिकन कंपनीने १९९९ साली 'जीफोर्स २५६' नावाचा असा चित्रमेंदू बाजारात आणला आणि तो जगातला पहिलाच 'जीपीयू' म्हणून गाजवला. मुलांचे खेळ झोकात दिसावेत म्हणून वाढलेली ही विद्या आज कोठे पोचली आहे पाहा. पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेच्या 'परम सिद्धी-एआय' ह्या महासंगणकाने नोव्हेंबर २०२० मध्ये जगाच्या यादीत ६३ वा क्रमांक मिळवला, तो असल्याच चित्रमेंदूंच्या बळावर. आणि चित्राची हौस आपल्याकडे आजची नव्हे बरे! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण कामाला लागलेला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी 'टिफ्रॅक' असे नाव दिलेला जो देशी संगणक, त्यालाही आलेख दाखवणारी चित्रनळी जोडलेली होती.

दसऱ्याचा मुहूर्त

खोकी आली. आईने हट्टाने दसऱ्याचा मुहूर्त काढला. सोलापुरात खंडेनवमी-दसऱ्याला मागाची आणि हत्यारांची पूजा होते. तेव्हा नव्या यंत्राचा जन्म त्याच दिवशी व्हावा, हे तिचे म्हणणे आम्हा सर्वांना पटले. दाराला झेंडूचे तोरण होते. जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरून मुलगी कामाला बसली. आधी तिने पंपाच्या लोखंडी नळाला हात लावून अंगातली वीज जमिनीत सोडली, मग मदरबोर्ड खोक्यातून काढला. मी शेजारी बसून स्क्रू देत होतो, माहितीपत्रक वाचून दाखवत होतो आणि न विचारलेले सल्लेही देत होतो.

प्रोसेसर बसवायची चौकट तिने उघडली एवढ्यात शेजारची मंडळी सोने लुटायला आली. मुलगी आपट्याची पाने घ्यायला आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला बाहेर गेली. वाऱ्याने तोरणातली एक पाकळी उडून नेमकी त्या उघड्या चौकटीवर पडली. मी ती खिशातल्या रुमालाने तत्परतेने झटकली आणि थोडी धूळ दिसली तीही पुसून घेतली. मदत करावी ती अशी!

संध्याकाळपर्यंत पेटी जुळली. आईने तिला कुंकू लावले, नारळ वाढवला. मुलीने बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, कार्डावरचे पंखेसुद्धा झोकात फिरू लागले. पडदा मात्र काळा! पडद्याची केबल तिने कार्डावरून काढून मदरबोर्डाच्या खाचेत लावली, तसे चित्र आले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मुलीने मात्र वाजवल्या नाहीत. तिने दोनचार ठिकाणी बोटे फिरवली आणि म्हणाली, "बाबा, कार्ड दिसत नाही."

"हे काय, समोर तर आहे," मी म्हणालो.

"आपल्याला दिसतंय. कॉम्प्युटरला दिसत नाही."

तीस हजारांचे कार्ड पेटीत बसले आहे, पंखे फिरवते आहे, आणि घरच्या मालकाला त्याचा पत्ताच नाही! पाहुणा दिवाणखान्यात येऊन चहा पितो आहे आणि यजमान 'कोणी आलेले नाही' म्हणून सांगतो आहे, अशातला तो प्रकार.

शोध सुरू झाला

पुढच्या आठ दिवसांत मी जे पाहिले, ते आज शांतपणे आठवताना मला मुलीचे कौतुक वाटते. त्या वेळी वाटले नाही, हे माझे दुर्दैव. तिच्या शोधाला एक क्रम होता, आणि ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून तो येथे देतो.

पहिली गोष्ट केबलची. पुष्कळ लोक पडद्याची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावतात आणि कार्ड चालत नाही म्हणून रडत बसतात. काही प्रोसेसरांच्या पोटात साधे चित्र काढण्याची सोय असते, म्हणून मदरबोर्डावरून चित्र येते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर असते त्यांच्यात ही सोय नसते. तेथे मदरबोर्डाला केबल लावली तर अंधारच. आमच्या प्रोसेसरात ती सोय होती, म्हणूनच निदान दुखणे काय आहे हे पडद्यावर पाहता आले.

दुसरी गोष्ट बैठकीची. कार्ड ज्या लांब खाचेत बसते तिच्या टोकाला एक लहानशी कडी असते. कार्ड पूर्ण बसले की ती 'टक्' असा आवाज करते. पेटीचा पत्रा थोडा वाकडा असला किंवा स्क्रू आधी आवळला तर एक टोक वर राहते. मुलीने वीज तोडून कार्ड तीन वेळा काढले आणि बसवले. तिन्ही वेळा 'टक्' झाले. कार्ड दिसेना.

तिसरी विजेची. खाचेतून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक भूक असलेल्या कार्डाला वेगळी तार जोडावी लागते. आठ टोकांच्या तारेतून १५० वॅट येतात. गंमत अशी की प्रोसेसरची आठ टोकांची तार आणि कार्डाची आठ टोकांची तार ह्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, पण एक चार-चार अशी फुटते आणि दुसरी सहा-दोन अशी. एकीची जागा दुसरीला देऊ नये. आमच्याकडे तारा ज्याच्या त्याला होत्या. कार्ड दिसेना.

चौथी 'बायोस'ची, म्हणजे कॉम्प्युटर जागा होताना जो पहिला मंत्र म्हणतो त्याची. चित्रासाठी आधी कोणाकडे पाहायचे, ते तेथे ठरलेले असते. मुलीने ते तपासले. मदरबोर्डावरची रुपयाएवढी बॅटरी काढून, थोडा वेळ थांबून परत लावली, म्हणजे सगळ्या सवयी मूळपदावर येतात. मग बायोसची नवी आवृत्ती घातली. कार्ड दिसेना.

येथे मी एक पांडित्य पाजळले. कोणीतरी मला सांगितले होते की असल्या वेळी 'ड्रायव्हर' नव्याने घालावा. मुलगी म्हणाली, "बाबा, ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. समोर माणूसच उभा नसेल तर दुभाष्या कोणाशी बोलणार? बायोसलाच कार्ड दिसत नाही. आता विंडोज दहा वेळा घातलं तरी काही व्हायचं नाही."

उत्तर बिनतोड होते. बिनतोड उत्तर देणारी मुले बापाला फारशी आवडत नाहीत.

माझे पांडित्य

उरला एकच उपाय: कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरात घालून पाहणे. मी कार्ड पिशवीत घेतले आणि मुलीला घेऊन दुकानात गेलो. वाटेतच माझे निदान पक्के झाले होते. दुकानात चार गिऱ्हाइके होती. मी मोठ्या आवाजात म्हणालो, "आम्हाला यंत्रातलं कळत नाही म्हणून बिघडलेला माल गळ्यात मारलात!"

दुकानदार तिशीचा तरुण. त्याने काही न बोलता कार्ड आपल्या कॉम्प्युटरात बसवले. अर्ध्या मिनिटात पडद्यावर कार्डाचे नाव, गाव, कूळ सगळे उमटले. "सर, कार्ड चांगलं आहे," तो म्हणाला. "मदरबोर्ड आणून दाखवा."

मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी रागाने पिशवी उचलली. आणि राग कोठेतरी काढायलाच हवा, म्हणून परतीच्या रिक्षात तो मुलीवर काढला. "तुझ्या हातात धीर नाही. घाई नडली. आजीची काशी घातलीस त्या पेटीत!"

ती काही बोलली नाही. घरी येऊन तिने पेटीवर जुनी चादर टाकली आणि लॅपटॉप उघडला. रात्री दोनला मी पाणी प्यायला उठलो तेव्हा तिच्या खोलीत दिवा होता. पाच नमुन्यांपैकी एकाचेच चित्र पुरे झाले होते. वसुबारस तीन दिवसांवर आली होती.

अण्णांचे भिंग

आमच्या शेजारी एक अण्णा राहतात. मूळ घराणे तेलंगणातले, तीन पिढ्या सोलापुरात. सारा जन्म जॅकार्डच्या मागांच्या दुरुस्तीत गेला. आता सत्तरीच्या पुढे आहेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्तमानपत्र परत द्यायला आले आणि पेटीवरची चादर पाहून म्हणाले, "काय अम्मा, मागाला दांडी काय?"

तिने हसायचा प्रयत्न केला आणि सगळे सांगितले. अण्णा खुर्ची ओढून बसले.

येथे जॅकार्डबद्दल चार शब्द सांगायला हवेत. फ्रान्समध्ये लियाँ शहरी जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ साली हे यंत्र सिद्ध केले. त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या ओळीने गुंफलेल्या असतात, आणि त्यांनाही कार्डच म्हणतात. बाण्याच्या एका धाग्याला एक कार्ड. कार्डाला भोक असेल तेथे सुई पार जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. आहे किंवा नाही, एवढ्या दोन शब्दांत सबंध नक्षी लिहिलेली! चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या हिशेबी यंत्रासाठी हीच कार्डांची युक्ती घ्यायचे ठरवले. त्याच्या संग्रही रेशमात विणलेले जॅकार्डचे एक चित्र होते, ते विणायला सुमारे २४ हजार कार्डे लागली होती. पुढे १८९० साली अमेरिकेच्या खानेसुमारीत हर्मन हॉलरिथने भोके पाडलेल्या कार्डांवरच हिशेब केला. तेव्हा सोलापूरचा माग हा कॉम्प्युटरचा थोरला चुलता लागतो, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

अण्णांना हा इतिहास ठाऊक नव्हता, पण त्यामागचे तत्त्व हाडीमांसी खिळले होते. ते म्हणाले, "नक्षीत एकच रेघ चुकली, बाकी समदं बरोबर, तर आम्ही कार्ड बघत नाही. कार्ड बदलून बघितलं की नाही? बघितलं. मग सुई बघायची. एक सुई वाकली की तेवढाच धागा उचलत नाही. ह्याच्यात सुया कुठं असत्यात?"

मुलगी एकदम ताठ बसली. "प्रोसेसरच्या खाली!"

तिने खुलासा केला तो असा. आमच्या जातीच्या प्रोसेसरला खाली सपाट ठिपके असतात, आणि मदरबोर्डावरच्या चौकटीत सतराशे केसांसारख्या बारीक, सोनेरी, लवचीक पिना उभ्या असतात. कार्डाच्या खाचेतून येणारे धागे थेट त्या पिनांपर्यंत जातात. प्रत्येक पिनेचे काम वेगळे. काही पिना वाकल्या तर कॉम्प्युटर मुळीच सुरू होत नाही, काही वाकल्या तर मेमरी अर्धीच दिसते, आणि कार्डाच्या वाटेवरची वाकली तर बाकी सगळे ठीक चालून कार्ड तेवढे अदृश्य! आमचा मदरबोर्ड लहान, त्यावर लांब खाच एकच. त्यामुळे कार्ड दुसऱ्या खाचेत घालून पाहायची सोय नव्हती, आणि संशय इकडे वळला नव्हता.

वीज तोडली. पंखा उतरवला. प्रोसेसर हलकेच काढला. अण्णा घरी जाऊन आपले घडीचे भिंग घेऊन आले. एका इंचात किती धागे आहेत ते मोजायचे पितळी भिंग, चाळीस वर्षे वापरून कडा गुळगुळीत झालेल्या. त्यांनी एका हाताने विजेरी धरली आणि भिंगातून ओळीओळीने पाहू लागले. चादरीचा नमुना तपासावा तसे.

"हितं," ते म्हणाले. "दोन सुया कलल्यात. आन् हे काय? सूत हाय."

"सूत?" मी पुढे झालो.

त्यांनी चिमट्याने एक तंतू अलगद उचलला आणि उजेडात धरला. सोलापूरच्या माणसाला सूत ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. "चादरीचं नव्हे. लई बारीक हाय, पांढरं. रुमालाचं असतंय असलं."

माझा हात नकळत खिशाकडे गेला.

वाचकहो, त्या क्षणी मला ती झेंडूची पाकळी दिसली. आणि खरे सांगतो, त्याच क्षणी दुसराही एक विचार आला: हे कोणालाच ठाऊक नाही. बोर्ड असाच परत नेऊन 'खोक्यातूनच असा निघाला' म्हणून सांगितले तर? रुमाल काय, सगळ्यांकडेच असतात. प्राध्यापक, वर्गात 'सत्य' ह्या शब्दावर तास घेणारा. पण विचार आला हे खरे.

मी मुलीकडे पाहिले. ती वाकून त्या पिनांकडे पाहत होती आणि हळूच स्वतःशी म्हणत होती, "माझ्याकडून कसं झालं असेल?"

ते ऐकवेना. मी म्हणालो, "तुझ्याकडून नाही झालं. तू पानं घ्यायला बाहेर गेली होतीस तेव्हा मी रुमालानं पुसलं."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. अण्णांनी भिंग मिटले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. ती रडेल किंवा चिडेल असे वाटले. ती म्हणाली, "बाबा, मग मला रिक्षात तसं का बोललात?"

ह्याला मराठीत उत्तर नाही. इतर कोणत्याही भाषेत असेल असे वाटत नाही. "चुकलो," एवढाच शब्द मला सापडला. माझ्या मुलीला मी तो आयुष्यात प्रथमच म्हणत होतो.

पिना सरळ झाल्या

अण्णांचा हात आता थरथरतो. त्यांनी भिंग आणि विजेरी धरली, आणि मुलीने शिसे काढलेल्या पेन-पेन्सिलीचे पोकळ टोक पिनेवर ठेवून ती केसभर उचलली. "एकदम नाही अम्मा. थोडं. परत बघ. परत थोडं." पिन दोनदा मुडपली तर तुटते, आणि तुटली तर मदरबोर्ड गेला. ज्यांचा हात स्थिर नाही त्यांनी ह्या फंदात न पडता जाणत्याकडे जावे हे बरे. आमच्याकडे वीस मिनिटे कोणी मोठ्याने श्वासही घेतला नाही. मला तर अण्णांनी दोन हात लांब बसवले होते. "सर, तुम्ही तिकडंच बरे," ते म्हणाले, आणि त्या दिवसात प्रथमच सगळे हसले.

प्रोसेसर परत बसला. त्याच्यावर उष्णता वाहून नेणारे मलम नव्याने लावले, पंखा आवळला, कार्ड खाचेत 'टक्' करून बसले. केबल कार्डाला लावली. पडदा काळाच. एक, दोन, तीन... माझी आई देवघराच्या दाराशी हात जोडून उभी. आणि मग पडद्यावर चित्र उमटले.

"आलं का गं ते?" आईने विचारले.

"आलं आजी. त्याचं नाव लिहून आलंय."

"लिहिलं का माझं काशीचं?" आई म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच दुकानात गेलो. योगायोगाने तेव्हाही चार गिऱ्हाइके होती. मला ते बरे वाटले. ज्या आवाजात आरोप केला होता त्याच आवाजात मी माफी मागितली आणि रुमालाची कथा सांगितली. दुकानदार हसला. "सर, पिना वाकलेले बोर्ड घेऊन लोक येतात. प्रत्येक जण म्हणतो, आम्ही हात लावला नाही. वाकलेल्या पिनेला हमी मिळत नाही, म्हणून म्हणतात बिचारे. हात लावला म्हणून सांगायला आलेले तुम्ही पहिलेच." त्याने चहा मागवला. तो चहा मला दिवाळीच्या फराळापेक्षा गोड लागला.

मुलगी चार रात्री जागली, पण आता एकेक चित्र काही मिनिटांत होई. पाडव्याला पाचही नमुने गेले. कारखानदारांनी चार बाजूला ठेवले आणि एक उचलला. तोरणातल्या झेंडूच्या पाकळ्या उडताहेत अशी त्याची नक्षी आहे. ती तिला कोठून सुचली, हे मी विचारलेले नाही. पहिली चादर मागावरून उतरली ती तिने आजीला दिली. मिळालेल्या पैशातून आजीचे पुस्तक पुन्हा भरू लागले आहे. काशीचे तिकीट यंदा निघेल असा रंग आहे.

अण्णा अजून वर्तमानपत्र परत द्यायला येतात. पेटीत डोकावून "सुया ठीक?" म्हणून विचारतात. आणि घरात काही बिघडले, मिक्सर असो की नळ असो, की कोणाला दोष देण्यापूर्वी मी आधी खिशात हात घालतो, आणि रुमाल जागच्या जागी आहे ना ते पाहून घेतो.